एक वाटी पोट आणि अख्खी झाडीपट्टी

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे, म्हणजे झाडीपट्टीत, माणसाचं पोट भरलं की नाही, हे तो माणूस ठरवत नाही. वाढणारी बाई ठरवते. तिनं विचारायचं, आपण पत्रावळीवर आडवा हात धरून "पुरे, पुरे" म्हणायचं, तिनं बोटांच्या फटीतून भात सोडायचा, मग आपण "अरे बाप्पा!" म्हणत तो संपवायचा. एवढं झालं की जेवणाला आत्ता कुठं सुरुवात झाली असं धरतात. अशा मुलखात राहून मी वजन घटवण्यासाठी पोट छोटं करून घेण्याचं ऑपरेशन केलं. सर्जनचं काम दीड-दोन तासांत आटोपलं. माझं अजून चालू आहे.

ऑपरेशन नागपूरला झालं, हे वेगळं सांगायला नको. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत सर्दी-पडसं तेवढं गावातच निपटतं. त्याहून मोठं काही निघालं की माणूस वरोरा, जाम, बुटीबोरी करत नागपूर गाठतो. तिथं सर्जनसाहेबांनी कागदावर दोन चित्रं काढली. पहिलं माझं चालू पोट, चांगलं भरगच्च. दुसरं ऑपरेशननंतरचं. "पोटाचा पाऊण हिस्सा, किंबहुना थोडा जास्तच, आपण काढून टाकणार. उरेल ती नळी, केळ्याएवढी."

"कोणतं केळं?" आमच्या सौ.नी विचारलं. "बसराई की वेलची?"

साहेबांचं पेन हवेत थांबलं. हा प्रश्न वैद्यकीय परिषदांमध्ये निघत नसावा. शेवटी त्यांनी वाटीवर तडजोड केली. सुरुवातीला एका वेळी अर्धी वाटी, काही महिन्यांनी एक वाटी. आमच्या घरच्या वाटीत नागपूरच्या दोन वाट्या बसतात, हे त्यांनी विचारलं नाही आणि सौ.नी सांगितलं नाही.

पोटाला चार-पाच बारीक छिद्रं पाडतात, दुर्बीण आत सोडतात, आणि कापत कापत टाचत जातात. काढून टाकलेल्या त्या भागातच घ्रेलिन नावाचं संप्रेरक सर्वांत जास्त तयार होतं. भूक लागल्याची खबर मेंदूला तेच देतं. ते घटलं, त्यामुळं पहिले काही महिने भूक अशी लागतच नाही. इथंच मला मोठा शोध लागला. मी भूक लागते म्हणून खातो, अशी माझी पन्नास वर्षांची समजूत. भूक गेली, आणि कळलं की दिवसभराच्या खाण्याशी तिचा फारसा संबंधच नव्हता. अकराला तर्रीपोहे, कारण अकरा वाजले. साडेचारला आलुबोंडा, कारण मित्र आला. सांबारवडी, कारण ती समोर कढईतून निघाली. रात्री दुसऱ्यांदा भात, कारण वरण उरलं होतं आणि वरण फेकू नये. घ्रेलिन बिचारं उगाच बदनाम होतं.

घरून विरोध जबरदस्त होता. "देवानं देल्लं चांगलं पोट कापून कायले फेकतं?" असा आईचा सवाल. हे काही कालपरवाचं खूळ नाही, अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन यांनी 1966 मध्येच पोटाला वळसा घालण्याचं ऑपरेशन लठ्ठपणावर केलं होतं, वगैरे मी सांगून पाहिलं. आयोवाचं वजन आमच्या ओसरीवर पडेना. मग विदर्भात जे एकच उत्तर चालतं ते मी काढलं. "गडकरीसाहेबांनी केलं." नितीन गडकरी यांनी 2011 साली, भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, मुंबईत वजन कमी करण्याचं ऑपरेशन करून घेतलं हे जगजाहीर आहे. ते खाण्याचे शौकीन आहेत, हे तर त्याहून जाहीर. आई विचारात पडली. मग म्हणाली, "त्याईनं केलं ते ठीक. त्याईले रस्ते बांधाचे असते. तुले काय बांधाचं आहे?"

शेजारचे काकाजी 2017 मधली बातमी घेऊन आले. त्या वर्षी इमान अहमद या इजिप्तच्या बाईंना, वजन पाचशे किलोच्या आसपास असल्यामुळं, मालवाहू विमानानं मुंबईला आणलं होतं आणि सैफी हॉस्पिटलात त्यांचं असंच ऑपरेशन झालं होतं. काकाजींनी त्यातून काढलेला निष्कर्ष साधा होता. "तिले विमानानं आणा लागलं. तू एसटीनं जाऊन रायला. ज्याले एसटीत बसता येते त्याले ऑपरेशन लागत नाही." मी एसटीत तिघांच्या बाकावर बसलो की शेजारी किती जण उरतात, हे काकाजींना ठाऊक होतं. पण मुद्दा त्यांना सोडवेना.

विमा कंपनीचा हिशेब वेगळाच. उंची-वजनाचा तो निर्देशांक, ज्याला सगळे बीएमआय म्हणतात, तो 40 हवा. मधुमेह किंवा तसा मोठा आजार सोबत असेल तर 35 चालतो. म्हणजे जन्मभर जो काटा खाली यावा म्हणून नवस बोललो, तो आता वर राहावा म्हणून देव पाण्यात. कार्यालयातल्या मित्रानं आपुलकीनं सल्ला दिला की काट्यावर चढताना खिशात किल्ल्या ठेव. किल्ल्यांची गरज पडली नाही.

ऑपरेशन एप्रिलात झालं, कारण मार्चअखेर संपल्याशिवाय आमच्याकडे कोणाला मरायलाही रजा मिळत नाही. आणि एप्रिलनंतर मे येतो. चंद्रपूरचा मे म्हणजे पारा 46-47 वर, बातम्यांत गावाचं नाव, आणि त्या नावाचा आम्हाला वाटणारा चोरटा अभिमान. अशा दिवसांत नव्या पोटाला पाणी गटागटा चालत नाही. घोट घ्यायचा, थांबायचं, पुन्हा घोट. दिवसभरात दीड-दोन लिटर तर गेलंच पाहिजे. पाणी कमी पडलं म्हणून सलाईन लावायला परत दवाखान्यात येणारे पुष्कळ असतात. वर पुन्हा अट अशी की जेवताना पाणी नाही, आणि जेवणाच्या आधी अर्धा तास व नंतर अर्धा तासही नाही. खायचं आहे दिवसातून पाच-सहा वेळा. आता मांडा गणित. पाण्याला जी फट उरते तिच्यात ते दोन लिटर बसवताना मी पूर्ण वेळ कामाला लागलो. घरात सर्वांत जास्त पाणी खिडकीतला कूलर प्यायचा. मी त्याच्याकडे बघत बघत घोट घ्यायचो.

त्यात आमच्याकडची रीत. उन्हातून आलेल्या माणसाला आधी पाण्याचा गडवा, मग नाव-गाव. जटपुरा गेटपासून पठाणपुऱ्यापर्यंत कोणाच्याही घरी जा, काठोकाठ गडवा समोर येतो. मी दोन घोट घेऊन तो खाली ठेवला की घरधन्याचा चेहरा पडायचा. पाण्यालाही नाही म्हणणारा पाहुणा म्हणजे मनात काहीतरी धरून आलेला.

पहिले दोन आठवडे फक्त पातळ. डाळीचं वरचं पाणी, पातळ ताक, गाळलेलं सूप. पुढचे दोन आठवडे घोटलेलं, मग मऊ, आणि साधारण दोन महिन्यांनी नेहमीचं जेवण, वाटीच्या हद्दीत राहून. त्या पातळ दिवसांत भामरागडकडे नोकरी केलेला एक स्नेही भेटायला आला. त्यानं सांगितलं, तिकडं माडिया घरांत जावा नावाची पातळ पेज करतात, तुंब्यात भरून रानात नेतात आणि दिवसभर थोडी थोडी पीत काम करतात. माझ्या नागपूरच्या कागदावर हेच 'फुल लिक्विड डाएट' म्हणून लिहिलं होतं आणि त्याची वेगळी फी लावली होती.

हा कागद म्हणजे एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. तो देणारी आहारतज्ज्ञ मुलगी गोड होती, मला सारखी "अंकल, चावायचं हं" म्हणायची. पण तिनं तो कागद कोणासाठी लिहिला होता कोण जाणे. टोफू, ब्रोकोली, ग्रीक योगर्ट, अर्धं अ‍ॅव्होकाडो. मी तो घेऊन गोल बाजारात गेलो. नेहमीच्या भाजीवालीला ब्रोकोली विचारली. ती म्हणाली, "फुलकोबी ने न जी. हिरवी कायले पायजे, किडली असन तर दिसत नाही." अ‍ॅव्होकाडोचं चित्र मोबाइलवर दाखवलं तर तिनं ते निरखून पाहिलं आणि "हे कच्चं आहे" म्हणून निकाल दिला. ग्रीक योगर्ट म्हणजे फडक्यात टांगलेलं दही, हे सौ.नी शोधून काढलं, आणि त्या दिवसापासून नागपूरच्या विद्येवरचा तिचा विश्वास उडाला.

कागदाचा गाभा एवढाच होता की रोज साठ ते ऐंशी ग्रॅम प्रथिनं पोटात गेली पाहिजेत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतात. आणि वाटीभर जागेत ती बसवायची म्हणजे जेवायची सुरुवात प्रथिनांनी. आता ही गोष्ट मला तळ्यांच्या मुलखात शिकवायची! आमच्या झाडीपट्टीत गावागणिक जुने मालगुजारी तलाव. तलावात मासोळ्या आणि झिंगे. ताजे झिंगे वांग्यात, वाळलेले झिंगे चटणीत. वाळलेल्या झिंग्याच्या वजनात निम्म्याच्या वर प्रथिनंच असतात. अंडी आहेत, हरभरा आहे, लाखोरी आहे, मुंगण्याचा म्हणजे शेवग्याचा पाला आहे, पावसात सात्या म्हणजे अळंब्या निघतात. भामरागडकडे लाल मुंग्यांची चटणी करतात, तिच्यातही प्रथिनं आहेत, आणि मी ती खाल्ली असती, पण वजन पन्नास ग्रॅमच्या पुढं जाईल इतक्या मुंग्या धरायच्या कोणी? तरी मी आज्ञाधारकपणे प्रथिनांच्या पावडरीचा महागडा डबा आणला. व्हॅनिलाचा वास. आमच्या आईनं वास घेऊन विचारलं, "हे अंगाले लावाचं काय?" त्यानंतर तो डबा कपाटावर, आणि मी झिंग्यांवर.

खरी गाठ पडली ती भाताशी. इथं मला थोडं विस्तारानं लिहू द्या, कारण पुण्या-मुंबईच्या वाचकाला यातलं दुःख कळणार नाही. त्यांच्याकडे भात जेवणात असतो. आमच्याकडे जेवण भातात असतं. आणि भातही कोणता, तर एचएमटी. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे, जेमतेम शाळा शिकलेले, दीड एकराचे धनी. 1983 च्या सुमारास त्यांना पटेल-3 जातीच्या धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं निवडत राहिले, आणि त्यातून बारीक, चवीचं, भरघोस येणारं वाण उभं केलं. माल व्यापाऱ्याकडे गेला तेव्हा त्या काळी ज्या घड्याळाची चलती होती त्याचं नाव धानाला चिकटलं. दादाजी 2018 च्या जूनमध्ये गेले. त्यांचा तांदूळ देशभर शिजतो आहे. आमचं गावही नागभीड तालुक्यातच. म्हणजे हा भात मला घरचा, पंचक्रोशीतला, माहेरचा.

आणि नव्या पोटाला नेमका भातच चालत नाही. फुगतो, चिकटतो, गोळा होऊन बसतो. चार घास घाईनं गेले की छातीखाली काहीतरी अडकतं, तोंडाला पाणी सुटतं, मग फेस येतो, आणि मग माणूस मोरीकडे चालू लागतो. ब्रेड, कोरडी कोंबडी आणि भात या तिघांबद्दल कागदावर लाल शाईनं लिहिलेलं होतं. क्रम असा की आधी प्रथिनं, मग भाजी, मग जागा उरली तर भात. जागा उरत नाही. मी ताटातल्या त्या मूठभर एचएमटीकडे पाहत जेवण संपवतो, आणि दादाजींची मनातल्या मनात माफी मागतो.

गोडाची गोष्ट वेगळी. साखर लहान पोटातून धाडकन आतड्यात उतरली की छाती धडधडते, घाम फुटतो, पोट बिघडतं, आडवं व्हावं लागतं. वळसा घातलेल्या पोटात हे जास्त होतं, पण नळीवाल्यांपैकीही काहींना होतं. तपासणीच्या रांगेत वणीकडचे एक गृहस्थ भेटले होते. पुतणीच्या लग्नात त्यांनी जिलेबीची अडीच वेढी चढवली आणि मंगलाष्टकांच्या वेळी ते मांडवामागं सतरंजीवर होते. वधूपिता म्हणाला, पोरगी सासरी चालली म्हणून काका किती हळवे झाले! काकांनी तो समज तसाच राहू दिला.

माणूस वाळू लागला की आमच्याकडे त्याची चौकशी थेट होत नाही, सौ.कडे होते, तीही आवाज खाली करून. "शुगर निघाली का?" "नागपूरले दाखवलं का?" एकानं थर्मल वीजकेंद्राच्या धुराचं कारण शोधलं, दुसऱ्यानं सिकलसेलची तपासणी करून घे म्हणून सांगितलं, तिसऱ्यानं नुसताच खांद्यावर हात ठेवला आणि डोळे पुसले. ऑपरेशन केलं असं सांगितलं तर पुढचा प्रश्न ठरलेला. "गाठ होती?" मी सांगतो, गाठ नव्हती, पोट होतं. यावर ते मान हलवतात आणि आता हा खरं सांगणार नाही असं समजून निघून जातात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळायला लागले तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली. वजन झपाट्यानं उतरलं की केस गळतात, काही महिन्यांनी थांबतात आणि पुन्हा येतात, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण गल्लीला डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

गोळ्या मात्र जन्माच्या. बी-12, लोह, कॅल्शियम, डी. त्यातही लोह आणि कॅल्शियम यांचं आपसात पटत नाही, दोघांमध्ये दोन तासांचं अंतर ठेवावं लागतं. सकाळी एक, दुपारी दुसरं. आमच्या एकत्र कुटुंबातही दोन जावांच्या वेळा सौ.नी अशाच लावलेल्या आहेत, त्यामुळं तिला हे लगेच समजलं.

माझी धाकटी बहीण धानोरा तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. तिच्याकडे गेलो तेव्हा तिचं काम चालू होतं. झोळीच्या काट्यात एकेक पोर बसवायचं, वजन वाचायचं, वहीत लिहायचं. शंभर ग्रॅम वाढलं तर चेहरा फुलायचा, तेवढंच घटलं तर घरी जाऊन आईला विचारायचं. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा बायांसाठी अमृत आहार योजनेत रोज एक वेळचं चौरस जेवण असतं, तेही तिथंच शिजतं. मी ओट्यावर बसून माझी गोळी शोधत होतो. तिनं वहीतून मान वर केली आणि म्हणाली, "दादा, तू माझ्या गावात असता तर मले वर कळवा लागलं असतं. सहा महिन्यात एवढं वजन कमी!" मग थोड्या वेळानं विचारलं, "किती लागले रे?" मी रक्कम सांगितली. ती काही बोलली नाही, पुढचं पोर काट्यात बसवलं. विनोदी लेखात या ठिकाणी काय लिहायचं असतं ते मला सुचत नाही. एवढंच म्हणतो की कमी खाता यावं म्हणून मी लाखो रुपये भरले ते याच दोन जिल्ह्यांत राहून, आणि तिच्या वहीत तो आकडा कुठल्याच रकान्यात बसला नसता.

डॉक्टरांनी दारूचंही सांगितलं होतं. छोट्या पोटातून ती लवकर रक्तात जाते, थोडक्यात जास्त चढते, तेव्हा नकोच. या बाबतीत सरकार डॉक्टरांच्या पुढं होतं. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात 2015 ला झाली आणि 2021 ला उठली. त्यामुळं मी पथ्य पाळायला गडचिरोलीला जावं, असं मित्रांनी सुचवलं. ज्यांनी मोहफुलाच्या मोसमात गडचिरोलीचं रान पाहिलं आहे ते या सूचनेवर हसतील.

पण सगळ्यात मोठी परीक्षा मंडईत झाली. दिवाळी सरली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दिवसा मंडई, रात्री नाटक. वडसा, म्हणजे कागदोपत्री देसाईगंज, ही या नाटकांची राजधानी. कंपन्यांची कार्यालयं तिथं ओळीनं. पडदा रात्री दहा-साडेदहाला वर जातो आणि उजाडताना खाली येतो. 2023 मध्ये या रंगभूमीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. या रंगभूमीच्या पाहुणचाराला ती अजून मिळायची आहे. मंडईच्या दिवशी प्रत्येक घरात वीस-पंचवीस पाहुणे असतात, लेकी-जावई झाडून येतात, आणि जावई आला की अंगणातला कोंबडा कमी होतो.

माझी सासुरवाडी वडशाजवळची. पंगत बसली. पत्रावळीवर कोंबड्याचा रस्सा, डाळीचे वडे, वांगं, आणि त्यामागं वाफाळता एचएमटी. मी क्रमानं निघालो. प्रथिनं आधी. एक तुकडा तोंडात, पंचवीस-तीस वेळा चावायचा, चमचा खाली ठेवायचा, मग दुसरा. सासूबाई दाराच्या चौकटीला टेकून माझ्या जबड्याकडे पाहत होत्या. बाकीच्यांचा दुसरा वाढा झाला तेव्हा माझा तिसरा तुकडा चालू होता. शेवटी त्यांना राहवेना. "कोंबडा निबर निघाला काय जी, जावई?"

"नाही जी, मऊ आहे."

"मंग चावून कायले रायले एवढं?"

मी सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं आहे. त्या आत गेल्या आणि स्वयंपाकघरात आवाज बारीक झाले. मेव्हण्यानं वडे आणले, मी हात आडवा धरला. मोठ्या मेव्हणीनं भात आणला, मी दोन्ही हात आडवे धरले. धाकटी आली ती बोलली नाही, तिनं फक्त हाताच्या फटी तपासल्या. मी पत्रावळीवर ओणवा झालो. अर्ध्याहून जास्त जेवण तसंच ठेवून उठलो, आणि अंगणभर शांतता पसरली. हात धुताना पाणी घालायला आलेल्या पोरानं विचारलं, "मामाजी, तुमी रुसले?"

तासाभरात घरात बैठक बसली. मामेसासरे अध्यक्ष. पंचवीस वर्षांत आपल्याकडून काय काय राहून गेलं, याची उजळणी झाली. मधल्या साळीच्या लग्नात माझा फेटा आखूड पडला होता तो निघाला. एका दिवाळीला बोलावणं उशिरा गेलं होतं ते निघालं. मग मामेसासऱ्यांना एकदम आठवलं. "अरे, लग्नात जावयाले एचएमटीचं घड्याळ कबूल केलं होतं. ते रायलंच न!" सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हणून एचएमटीचा भात शिवला नाही! दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हातात टोपी-टॉवेल आणि नवंकोरं घड्याळ पडलं. मी परोपरीनं समजावलं. पोटाला चार छिद्रांच्या खुणा होत्या त्याही दाखवल्या. मामेसासऱ्यांनी चष्मा लावून त्या नीट पाहिल्या आणि म्हणाले, "एवढ्याशा भोकातून एवढं पोट कसं काढलं? तुमाले कोनी तरी फसवलं जी." घड्याळ अजून माझ्या मनगटावर आहे. मनगट बारीक झाल्यामुळं पट्ट्याला दोन भोकं जास्तीची पाडावी लागली.

तक्रार म्हणून हे लिहीत नाही. मधुमेहाची गोळी बंद झाली आहे. जिना चढताना आता मी बोलू शकतो. ताडोब्याला गेलो तर मोहर्लीच्या गेटवर जिप्सीवाला मला आता बरोबर मध्ये बसा म्हणत नाही, कडेला बसवतो. गाइडनं त्या दिवशी सांगितलं की वाघ एका बैठकीत पंचवीस-तीस किलो मांस खातो आणि मग दोन-चार दिवस शिकारीला जात नाही. पूर्वी हे ऐकून मला आपलं माणूस भेटल्याचा आनंद व्हायचा. या वेळी मी पाण्याचा घोट घेतला आणि घड्याळात पाहिलं, जेवायला अजून चाळीस मिनिटं होती.

हे ऑपरेशन म्हणजे आळशाचा आडमार्ग, असं जे म्हणतात त्यांनी एकदा झाडीपट्टीतल्या एका पंगतीत उठेपर्यंत हात आडवा धरून दाखवावा. सर्जन पोट कापतो. आग्रह कापणारं शस्त्र कुठल्याच दवाखान्यात नाही, आणि खरं सांगायचं तर ते असूही नये. ज्या घरात आग्रह होत नाही त्या घरी मी ऑपरेशनच्या आधीही जात नव्हतो.

तेव्हा येत्या मंडईच्या निमित्तानं चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या समस्त यजमान मंडळींना, विशेषतः सासूबाई, मेव्हण्या आणि मामेसासरे यांना हात जोडून विनंती आहे. आम्हाला बोलावणं थांबवू नका. पत्रावळीऐवजी द्रोणात वाढा. पाण्याचा गडवा जेवणानंतर अर्ध्या तासानं द्या. आम्ही हळू चावत असलो तर कोंबड्यावर संशय घेऊ नका. आणि जे आमच्या वाट्याचं उरेल, ते डब्यात बांधून द्या. घरी दोन दिवस पुरतं. डबा सौ. धुऊन परत पाठवतील.